दिवसभर उन्हात राबणाऱ्या शेतकऱ्याला त्वचेचा कॅन्सर होतो का?

तुमचे वडील चाळीस वर्षं करवीरच्या उसाच्या रानात राबतायत, म्हणून ही काळजी. ऊन कॅन्सरकारक आहेच. १९९२ मध्येच त्याचं तसं वर्गीकरण झालंय. पण आपल्या सावळ्या कातडीतलं मेलॅनिन हे रंगद्रव्य उन्हातले अतिनील किरण बरेचसे अडवतं. म्हणून ऑस्ट्रेलियातल्या गोऱ्या लोकांत हा आजार सर्रास दिसतो, आपल्याकडे बराच कमी.

पण नुसतं तोंड बघून थांबू नका. सावळ्या माणसाला मेलॅनोमा (त्वचेचा एक घातक कॅन्सर) बऱ्याचदा तळपायाला, तळहाताला किंवा नखाखाली होतो, आणि त्याचा उन्हाशी फारसा संबंध नसतो. रानातून आल्यावर पाय धुताना तळवा उलटा करून बघायचा: ६ मिलिमीटरपेक्षा मोठा, वेड्यावाकड्या कडांचा, रंग बदलणारा डाग आहे का? नखात रुंद होत जाणारी काळी रेघ?

दुसरी जागा म्हणजे भाजल्याचा जुना व्रण. गुऱ्हाळात काहिलीतला रस उडून भाजलं असेल, तर तिथे वीस-तीस वर्षांनीही कॅन्सर होऊ शकतो. व्रण पुन्हा फुटला, कडा जाड झाल्या, चार आठवड्यांत भरला नाही, तर मलमं बदलत बसू नका. त्वचारोगतज्ज्ञाकडे जाऊन बायोप्सी (छोटा तुकडा काढून तपासणी) करून घ्या.

एप्रिल-मेमध्ये भर दुपारी कोल्हापुरात यूव्ही इंडेक्स (अतिनील किरणांची तीव्रता सांगणारा आकडा) ११ च्या वर जातो, तेव्हा ११ ते ३ सावलीत. गांधी टोपीनं कान आणि मान उघडीच राहते. वरून टॉवेल गुंडाळायला सांगा.