सपाट तळव्याला इनसोल पुरेल की घोट्याचा ब्रेस लागेल?

तुम्ही लिहिलंय की आईंचं वय ५६, वर्षभरात डावा तळवा सपाट होत चाललाय, घोट्याच्या आतल्या बाजूला सूज येते. एका डॉक्टरांनी इनसोल सांगितला, दुसऱ्यांनी ब्रेस. यातलं काय घ्यावं आणि कमान परत येईल का, असा तुमचा प्रश्न आहे. मी ऑर्थोटिस्ट आहे. पायांचे साचे घेऊन हीच साधनं बनवते.

कमान परत येत नाही. इनसोल काढला की पाय होता तिथेच. आम्ही देतो तो टेकू, कलत्या भिंतीला लावतात तसा.

तो टेकू लागतो एका टेंडनमुळे, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीमुळे. पोटरीतून निघून, आतल्या घोट्यामागून वळून ते तळव्याला येतं आणि प्रत्येक पावलाला कमान उचलून धरतं. चाळिशी-पन्नाशीनंतर ते झिजून लांबतं; बायकांत हे जास्त दिसतं, वजन किंवा मधुमेह असेल तर आणखी. मग टाच बाहेर कलते. एकदा ती कलली की टाचेमागची जाड अकिलीस शीरही तिला बाहेरच ओढायला लागते. म्हणून मी कमानीकडे नंतर बघते, आधी टाचेकडे.

आईंना खुर्चीत बसवा आणि टाच हातात धरून पोटरीच्या रेषेत आणून बघा. येते का? डॉक्टर आणि आम्ही निर्णय घेतो तो बराचसा यावरच.

टाच सहज सरळ येत असेल आणि दुखणं नवं असेल, तर बहुतेकदा इनसोलपासून सुरुवात करतात. पण दुकानातला स्पंजचा नको, तो वजनाखाली पापडासारखा चपटा होतो. टाचेला खोल वाटी आणि आतल्या कडेला पाचर असलेला, जरा कडक हवा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत १९६० च्या दशकात तयार झालेला यूसीबीएल नावाचा प्लास्टिकचा साचा आम्ही आजही बनवतो. तो टाचेला दोन्ही बाजूंनी पकडतो.

इनसोल काम करतो तो घोट्याच्या खालीच. टेंडन फारच ढिलं पडलं असेल, एका पायाच्या चवड्यावर उभंच राहता येत नसेल, तर नडगीलाही धरावं लागतं. तिथे ब्रेस येतो: लेस बांधायचा चामड्याचा, नाहीतर बिजागरीचा प्लास्टिकचा. बिजागरीमुळे पाऊल वर-खाली होतं, आत-बाहेर कलत नाही. मेडिकलमध्ये मिळणारा ताणायचा अँकलेट म्हणजे हा ब्रेस नव्हे. त्याने ऊब मिळते, टाच धरली जात नाही.

आणि टाच हलतच नसेल तर ती सरळ करण्याचा हट्ट धरू नये. मी नवी असताना अशा एका पायाला उंच, कडक कमान करून दिली होती. आजींच्या तळव्याला फोड आले. अशा पायाला आहे त्याच आकाराचा, मऊ अस्तराचा साचा देऊन फक्त भार वाटायचा असतो.

आता, जे कुणी सांगत नाही ते. आपल्याकडे इनसोल राहतो दाराबाहेरच्या बुटात आणि आई दिवसभर स्वयंपाकघराच्या फरशीवर अनवाणी. सगळा खर्च वाया. घरात घालायला मागे पट्टा असलेली, आतला थर काढता येईल अशी वेगळी सँडल घ्या आणि इनसोल तिच्यात बसवा. सपाट कोल्हापुरी सध्या बाजूला. (लहान मुलांचं उलट आहे. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २,३०० भारतीय मुलांच्या पाहणीत पादत्राणं घालणाऱ्यांत सपाट तळवे ८.६ टक्के निघाले, अनवाणी फिरणाऱ्यांत २.८. आईंचं टेंडनच झिजलंय, तिथे हा हिशेब लागू नाही.)

पहिल्या दिवशी तासभरच घाला, मग वाढवा. काढल्यावर अर्ध्या तासानंतरही लाल वळ राहिला तर साचा घासून घ्यावा लागतो. मधुमेह असेल तर तळवा रोज बघायचा. सूज गरम आणि ठणकणारी असेल तर आधी काही आठवडे घोटा हलू न देणारा बूट किंवा प्लास्टर लावून टेंडनला विश्रांती द्यावी लागते. ते ऑर्थोपेडिक डॉक्टर ठरवतील. पोटरीचे व्यायामही फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या.

पायाचा साचा द्यायला जाल तेव्हा आईंची रोजची जुनी चप्पल सोबत न्या. तिची कुठली कड झिजलीय, हे आम्ही सगळ्यात आधी बघतो.