पाइनच्या भुशावर आम्लाची पूर्वप्रक्रिया करताना सोबत कोणतं रसायन घातलं तर साखर जास्त सुटेल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पाइनचा भुसा १ टक्का सल्फ्युरिक आम्लात १९० अंशांवर शिजवला, धुतला, मग सेल्युलोज तोडून ग्लुकोज करणारं सेल्युलेज एन्झाइम घातलं, तरी सेल्युलोजचा जेमतेम तिसरा हिस्सा ग्लुकोज झाला. तापमान वाढवलं तर आकडा आणखी उतरला. आता लिग्निन (लाकडाचे तंतू एकमेकांना चिकटवून ठेवणारा, बेंझिन वलयांनी बनलेला पदार्थ) काढून टाकणारं एखादं रसायन सोबत घालावं का?

रसायन जरूर घाला, पण त्याच्याकडून लिग्निन काढून टाकण्याची अपेक्षा ठेवू नका. हे उमगायला मला बरेच महिने लागले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गरम आम्लात लिग्निन तुटतं हे सगळीकडे वाचायला मिळतं. ते तुटता तुटता पुन्हा जुळतं, याकडे मात्र नवखे लोक हमखास दुर्लक्ष करतात. बेंझिन वलयाला लागून असलेल्या कार्बनवरचा ऑक्सिजन आम्लामुळे निघून जातो आणि तिथे धनभारित कार्बन उरतो. असा कार्बन फार वेळ मोकळा राहत नाही. जवळपास इलेक्ट्रॉनांनी भरलेलं दुसरं वलय सापडलं की त्याला जाऊन चिकटतो. हा नवा कार्बन-कार्बन बंध आधीच्या ऑक्सिजनच्या पुलापेक्षा कितीतरी चिवट असतो, आम्लाला तो दाद देत नाही. पाइन, स्प्रूस अशा सूचिपर्णी लाकडांत हा प्रकार जास्त होतो, कारण त्यांच्या लिग्निनमधल्या बहुतेक वलयांची एक बाजू रिकामी असते. रुंदपर्णी झाडांच्या पुष्कळ वलयांवर त्या जागी मेथॉक्सी गट ठाण मांडून बसलेला असतो. त्यामुळे त्याच कृतीने पॉप्लर शिजतं आणि पाइन अडून बसतं.

तापमान वाढवल्यावर तुमचा आकडा का उतरला, याचं बरंचसं उत्तर इथेच आहे. तोडण्याबरोबर जुळणंही वेगाने झालं. शिवाय हेमिसेल्युलोजमधल्या साखरेचं फरफ्युरल वगैरे होऊन, त्यापासून लिग्निनसारखाच दिसणारा काळपट चिकटा तयार होतो. रिॲक्टर उघडल्यावर करपलेल्या साखरेचा वास आला आणि चोथा गडद कॉफीच्या रंगाचा दिसला, तर तो चिकटा झालाच समजा. असा चोथा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर तंतूंच्या अंगावर थिजलेल्या मेणासारखे गोल थेंब दिसतात. ते वितळून बाहेर आलेलं आणि थंड होताना तिथेच बसलेलं लिग्निन. एन्झाइम सेल्युलोजवर बसायचं सोडून या थेंबांना चिकटतं आणि वाया जातं.

तेव्हा सोबत घालायच्या रसायनाचं काम एकच: तो धनभारित कार्बन दुसऱ्या वलयाला चिकटायच्या आत त्याला अडवायचं. यासाठी सगळ्यात जास्त अभ्यासलेलं रसायन म्हणजे २-नॅफ्थॉल. त्याची एकच जागा फार तत्पर असते. तिथे लिग्निनचा तुकडा एकदा अडकला की पुढचा मार्ग बंद. रिसॉर्सिनॉलही तितकंच तत्पर, पण त्याला तशा जागा एकाहून जास्त आहेत. एका हाताने एक तुकडा आणि दुसऱ्या हाताने दुसरा पकडून ते दोघांना बांधून टाकतं आणि साखर उलट कमी सुटते. फिनॉल घालायचं एवढंच ठरवून हाताला लागेल ती बाटली उचलली तर हा फटका बसतो.

नॅफ्थॉलचा माझा पहिला प्रयोग मी जवळजवळ फेकूनच दिला होता. पूर्वप्रक्रियेनंतर नेहमीप्रमाणे ७२ टक्के सल्फ्युरिक आम्लाने क्लासन लिग्निन (म्हणजे त्या आम्लातही न विरघळता उरणारा भाग) मोजलं, तर नॅफ्थॉल घातलेल्या चोथ्यात ते कमी व्हायचं सोडून थोडं वाढलेलंच निघालं. वहीत ‘निष्फळ’ असं लिहूनही टाकलं. नमुने उरले होते म्हणून केवळ एन्झाइम घालून ठेवलं, आणि ७२ तासांनी ग्लुकोज साध्या चोथ्यापेक्षा स्पष्ट जास्त आलं. नॅफ्थॉल लिग्निनला जोडून चोथ्यातच राहिलं होतं, म्हणून वजन वाढलं होतं. लिग्निन किती उरलं यापेक्षा ते कुठल्या अवस्थेत उरलं हे महत्त्वाचं, हे त्या दिवशी मनावर ठसलं. तुम्हीही निकाल ग्लुकोजवरून लावा. क्लासनचा आकडा सोबत असू द्या, पण त्यावरून निर्णय घेऊ नका.

प्रमाणाचा हिशोब सोपा आहे. लिग्निनच्या दर पाच घटकांमागे (एक वलय म्हणजे एक घटक) नॅफ्थॉलचा एक रेणू, या मापाने सुरुवात करा. १० ग्रॅम कोरड्या भुशात २८ टक्के लिग्निन धरलं तर २.८ ग्रॅम. एका घटकाचं वजन साधारण १८०, नॅफ्थॉलचं १४४, म्हणजे जवळपास ०.४५ ग्रॅम नॅफ्थॉल लागेल. पूड थेट पाण्यात टाकू नका. थंड पाण्यात ते फार थोडं विरघळतं, गोळ्या होऊन एका बाजूला बसतं आणि भुशाच्या आत पोचतच नाही. ॲसिटोनमध्ये विरघळवून त्यात भुसा भिजवा आणि ॲसिटोन फ्यूमहूडमध्ये (वाफा ओढून घेणाऱ्या प्रयोगशाळेतल्या कपाटात) पूर्ण उडवून मगच रिॲक्टर भरा. तुलनेसाठी दुसरा भुसा नुसत्या ॲसिटोनमध्ये तसाच भिजवून वाळवा. हे केलं नाही तर फरक नॅफ्थॉलचा की ॲसिटोनने हललेल्या राळेचा, हे सांगता येणार नाही.

आता याची दुसरी बाजू. हेच प्रमाण एका टन लाकडाला लावलं तर ४५ किलो नॅफ्थॉल होतं. त्या टनात सेल्युलोज ४२ टक्के धरलं, तर त्यातून इथेनॉल मिळणार अगदी आदर्श हिशोबाने सुमारे ३०० लिटर. म्हणजे दर लिटरमागे १५० ग्रॅम नॅफ्थॉल, तेही लिग्निनला जोडलं गेल्यामुळे परत न मिळणारं. शिवाय जलचरांना ते विषारी आहे. प्रक्रिया समजून घ्यायला नॅफ्थॉलसारखं साधन नाही, कारखान्यासाठी मात्र मी ते सुचवणार नाही. सिरिंजिक आम्ल, मॅनिटॉल अशा सौम्य पदार्थांवरही काम झालेलं आहे. तुमचा प्रबंध त्या दिशेला नेता आला तर मला मनापासून आनंद होईल.

मोठ्या प्रमाणावर चालेल असं काही हवं असेल तर माझा कौल सल्फाइटला. अमेरिकेत मॅडिसनच्या फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरीतल्या जे. वाय. झू आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मांडलेली ‘स्पोर्ल’ पद्धत जरूर वाचा. लाकडाच्या वजनाच्या ८ ते १० टक्के बायसल्फाइट (सल्फाइटचंच आम्लधर्मी रूप), सोबत थोडं सल्फ्युरिक आम्ल, १८० अंश, अर्धा तास. एवढ्यावर स्प्रूसमधलं ९० टक्क्यांहून जास्त सेल्युलोज एन्झाइमने ग्लुकोज झालं. इथे धनभारित कार्बनला सल्फोनेट गट येऊन अडवतो. वर तो पाण्याशी सलगी करणारा असल्यामुळे लिग्निनचा काही भाग विरघळून जातो आणि उरलेल्यावर एन्झाइम कमी चिकटतं. लाकडाचे काप आधी शिजवून मग दळले तर दळायला ऊर्जाही खूप कमी लागते. नॅफ्थॉल फक्त जुळणं अडवतं, सल्फाइट तीन कामं करतं, म्हणून मला ते उजवं वाटतं. शिजवणं आणि नंतर रिॲक्टर उघडणं मात्र फ्यूमहूडखालीच करा, सल्फर डायऑक्साइड सुटतो.

फॉर्मल्डिहाइडचा मार्गही आहे. २०१६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या लुटरबाखर या संशोधकाच्या गटाने तो दाखवला. पण त्याचा खरा उपयोग लिग्निन शाबूत काढून त्यापासून रसायनं बनवायची असतील तेव्हा. नुसत्या ग्लुकोजसाठी एवढा खटाटोप करू नका. अँथ्राक्विनोन कुणी सुचवलं तर ते अल्कलीत शिजवतानाचं आहे, तुमच्या आम्लात त्याचा उपयोग नाही.

हे सगळं मागवायच्या आधी, तुमच्याकडे असलेल्या चोथ्यावर याच आठवड्यात एक साधी चाचणी करा. एन्झाइमच्या तीन बाटल्या लावा: पहिली नेहमीसारखी, दुसरीत ट्वीन २० किंवा पीईजी ४००० (लिग्निनवर आधी जाऊन बसणारे, म्हणजे एन्झाइमला तिथे चिकटू न देणारे पदार्थ), आणि तिसरीत बफर नेहमीच्या ४.८ ऐवजी ५.५ पीएचचं. ट्वीनच्या बाटलीत ग्लुकोज भरपूर वाढलं, तर एन्झाइम लिग्निनवर अडकत होतं हे नक्की. मग नॅफ्थॉल आणि सल्फाइट या दोन्हींना तुमच्याकडे चांगला वाव आहे. अजिबात हललं नाही, तर एन्झाइम सेल्युलोजपर्यंत पोचतच नाही असं समजा आणि आधी भुशाच्या कणांचा आकार आणि आम्ल आतपर्यंत मुरतंय का ते तपासा. रात्रभर आम्लात भिजवून मग शिजवल्याने बराच फरक पडलेला मी पाहिला आहे. तिसरी बाटली (पीएच वाढवलं की एन्झाइम लिग्निनला कमी चिकटतं का, हे पाहायला) तर फुकटच आहे, आणि सल्फाइट केलेल्या चोथ्यावर ती पुन्हा लावाल तेव्हा पीएचचा फरक जास्त ठळक दिसेल.