पुण्याच्या सायकॉलॉजीचं जर्मनीत काय होतं

तुझा प्रश्न असा: पुण्यात बीए सायकॉलॉजी झालंय, एमए सुरू आहे. जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठांत फी नसते असं ऐकलंस, तर तिथे क्लिनिकल आणि काउन्सेलिंग शिकून थेरपिस्ट होता येईल का? व्हिसा, ब्लॉक्ड अकाउंट (राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं), एपीएस (आपल्या शैक्षणिक कागदांची पडताळणी), विमा हे सगळं दूतावासाच्या साइटवर आहे, ते परत लिहीत नाही. घोडं जिथे अडतं तेवढंच लिहिते.

जर्मनीत काउन्सेलिंग सायकॉलॉजिस्टचा वेगळा परवाना नसतो. परवाना असतो तो सायकोथेरपॉइटचा, म्हणजे मानसोपचार करणाऱ्याचा. त्याला आप्रोबात्सिओन म्हणतात. १ सप्टेंबर २०२० पासून त्याचा नवा कायदा लागू झाला. आधी तीन वर्षांचं बॅचलर, १८० क्रेडिट. मग क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकोथेरपीचं, या कायद्यात बसणारं दोन वर्षांचं मास्टर्स, १२० क्रेडिट. त्यानंतर सरकारी परीक्षा. परवाना हातात आल्यावरही स्वतंत्रपणे सरकारी विम्याचे पेशंट घ्यायचे तर पुढे पाच वर्षांचं वायटरबिल्डुंग, म्हणजे पगारी नोकरीतलं पुढचं प्रशिक्षण, आपल्याकडे डॉक्टर रेसिडेन्सी करतात तसं. त्या जागांचा पैसा कोण देणार याचा घोळ कायदा येऊन इतकी वर्षं झाली तरी सुटला नाही, आणि त्याचा मला खरंच राग येतो.

आता तुझी अडचण. त्या मास्टर्सला प्रवेश मिळतो तो कायद्यातल्या यादीप्रमाणे बॅचलर झालं असेल तरच. आपलं बीए त्यात सहसा बसत नाही, आणि त्याचा तुझ्या टक्क्यांशी काही संबंध नाही. आपल्याकडे सायकॉलॉजी स्पेशलला असली तरी बाकीचे पेपर मराठी, इकॉनॉमिक्स, सोशिऑलॉजीचे असतात. तिथलं बॅचलर जवळजवळ सगळं सायकॉलॉजीचंच. त्यात संख्याशास्त्र भरपूर, शिवाय वैद्यकशास्त्राची आणि औषधशास्त्राची मूलतत्त्वं, व्यवसायाचा कायदा आणि नीती, आणि १५० व २४० तासांच्या दोन इंटर्नशिप. एमएमध्ये तू सायकोपॅथॉलॉजी कितीही खोल शिकलीस, तरी बॅचलरमधली भोकं त्याने आपोआप बुजत नाहीत. समकक्ष आहे की नाही ते त्या त्या राज्याचं परीक्षा कार्यालय कागद बघून ठरवतं. म्हणून आधी तिथे लिहायचं, विद्यापीठात अर्ज नंतर. पुष्कळ जण उलट करतात आणि एक वर्ष घालवतात.

इंग्रजीतलं एमएस्सी सायकॉलॉजी दिसलं की हुरळून जाऊ नकोस. न्यूरो, कॉग्निटिव्ह असे ते कोर्स चांगले असतात, संशोधनात किंवा सल्ला केंद्रात काम मिळू शकतं, पण त्यांनी परवाना मिळत नाही आणि परवान्याशिवाय सायकोथेरपॉइट म्हणून उपचार करता येत नाहीत. दुसरा रस्ता बॅचलर पुन्हा पहिल्यापासून, जर्मनमधून. युरोपबाहेरच्यांना जागा मोजक्या, अर्जाची मुदत बहुतेक ठिकाणी १५ जुलै. फीचं म्हणशील तर बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात आपल्यासारख्यांना सेमिस्टरला १५०० युरो पडतात. फुकट सगळीकडे नाही.

कागद मात्र आजपासूनच जमव. मार्कशीटवर विषयाचं नुसतं नाव असतं, त्यावरून तिकडे काहीच कळत नाही. प्रत्येक पेपरचा सिलॅबस, तासिका आणि क्रेडिट यांच्यावर डिपार्टमेंटचा शिक्का घे. तू बाहेर पडलीस आणि पॅटर्न बदलला की जुना सिलॅबस शोधताना घाम फुटतो. इंटर्नशिपच्या पत्रावर आपल्याकडे ‘जून ते ऑगस्ट समाधानकारक काम केले’ एवढंच लिहितात. तसं पत्र कुचकामी. एकूण तास, त्यातले पेशंटसमोरचे किती, कोणत्या चाचण्या घेतल्या, देखरेख कोणाची आणि त्यांची पदवी काय, हे सगळं लिहून घे. आणि नाव! बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग तुझं, मग वडिलांचं. पासपोर्टवर वेगळा क्रम. एखाद्या कागदावर वडिलांचं नाव गळलं असेल तर पुण्यात असतानाच दुरुस्त कर. या एका गोष्टीवरून किती महिने वाया जातात हे आठवलं की अजून जीव तळमळतो.

जर्मन भाषा सी१ पातळीची लागते, म्हणजे बरीच वरची. रानडे इन्स्टिट्यूट किंवा मॅक्सम्युलर भवन, कुठेही शीक, शून्यापासून दोन वर्षं धर. पण सी१ म्हणजे लेक्चर कळणं. परवान्याच्या परीक्षेत पेशंटची भूमिका करणारे नट समोर बसवतात. त्यातल्या कोणी ‘कसं चाललंय’ला ‘मुस या’ म्हटलं तर? शब्दशः ‘करावंच लागतं ना’. आपलं ‘चाललंय आपलं’ जसं कधी नुसतं बोलणं असतं आणि कधी माणूस आतून पार थकलेला असतो, तसंच. तो फरक आवाजात असतो, पुस्तकात नाही. ‘जीव घाबरतो’, ‘कसंतरीच होतंय’ म्हणणाऱ्या बाईचं दुखणं तुला पुण्यात न शिकता कळतं. ते कान तिकडे नव्याने घडवावे लागतात.

एकटेपणाचं विचारलंस. त्याची सवय होते. सवय होत नाही ती या विचाराची, की आपल्या भाषेत ज्यांचं ऐकता आलं असतं त्यांना सोडून इथे जर्मनीत आलो. मी यावर अजून स्वतःला पटेल असं उत्तर काढू शकलेले नाही, म्हणून तुला ‘ये’ किंवा ‘नको येऊ’ म्हणत नाही.

परत यायचं मनात असेल तर तेही आत्ताच बघून ठेव. भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला आरसीआयची, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची नोंदणी लागते आणि जर्मन डिग्रीने ती आपोआप होत नाही. एमए संपायच्या आत आरसीआयमान्य कोर्सच्या प्रवेशाचीही चौकशी करून ठेव. बीएच्या तिन्ही वर्षांचे सिलॅबस हाती आले की क्रेडिट मांडून पाठव, कुठे किती कमी पडतात ते मी बघून सांगते.