बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला प्रॅक्टिकलमध्ये हात थरथरतो. कॉलेज सोडून गावी जाऊ का?

तू लिहितोस की दारव्हा तालुक्यातल्या खेड्यातून अमरावतीला आलास, ब्युरेट (द्रावण थेंब-थेंब सोडायची, खुणा आणि तोटी असलेली काचेची नळी) धरली की हात कापतो, वर्गात तोंड उघडत नाही, रूमवर करमत नाही, म्हणून गावी राहून मुक्त विद्यापीठातून बी.ए. करावं असं मनात आहे. सोडू नको. आणि हात कापतो यात तुझा काडीचा दोष नाही.

पहिल्या वर्षाची केमिस्ट्रीची प्रॅक्टिकल्स मी घेतो, म्हणून ठासून सांगतो. बारावीला विज्ञानाच्या विषयात ७० गुण लेखी आणि ३० प्रॅक्टिकलचे. आपल्याकडच्या कितीतरी ज्युनिअर कॉलेजांत हे ३० गुण जर्नल उतरवून काढलं की पदरात पडतात, आणि प्रयोगशाळेचं कुलूप परीक्षेपुरतं निघते. पोरगं इथे येते तेव्हा ब्युरेट त्याने आकृतीतच पाहिलेली असते. शेजारचा भराभर रीडिंग लिहितो आणि याला वाटते, आपल्याला डोकंच नाही. डोकं आहे. आजवर कोणी हात लावू दिला नाही, एवढंच.

ऑक्झॅलिक आम्ल आणि पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन घे, ते पहिल्या वर्षाला कुठे ना कुठे येतेच. फ्लास्कमधल्या आम्लात ब्युरेटमधून जांभळं परमँगनेट सोडत जायचं आणि रंग टिकेपर्यंत किती लागलं ते मोजायचं, एवढंच ते. ब्युरेट आधी पाण्याने धू, मग थोड्या परमँगनेटने खंगाळ, नाहीतर आत राहिलेल्या पाण्याने द्रावण पातळ होते आणि रीडिंग जास्त येते. कॉनिकल फ्लास्क मात्र फक्त डिस्टिल्ड वॉटरने धुवायचा. तो ऑक्झॅलिकने खंगाळलास तर पिपेटने, म्हणजे ठरावीक माप घ्यायच्या नळीने, मोजलेल्या १० मिलीपेक्षा जास्त आम्ल आत जाते. ब्युरेट भरल्यावर फनेल काढून ठेव, त्यातून एखादा थेंब मागाहून उतरतो. तोटीखालच्या टोकात हवेचा बुडबुडा असेल तर तोटी पूर्ण उघडून झटक्यात सोड. बुडबुडा मधेच निघाला तर ते रीडिंग फुकट. नळीत द्रावणाची पातळी मधे खोलगट असते; परमँगनेट गडद असल्याने खालची कड दिसत नाही, वरची वाच, आणि डोळा त्याच पातळीला आण. पिपेटच्या टोकात राहिलेला शेवटचा थेंब फुंकू नको.

फ्लास्कमध्ये ऑक्झॅलिकएवढंच सौम्य सल्फ्युरिक आम्ल घाल आणि ६० ते ७० अंशांपर्यंत तापव. पहिल्या थेंबांचा रंग जायला वेळ लागतो. नेमकी इथेच नवीन पोरं घाबरतात आणि तोटी मोठी करतात. थांब. अभिक्रियेत तयार होणारे मँगनीजचे आयन त्याच अभिक्रियेचा वेग वाढवतात, मग रंग पटापट जातो. तपकिरी गढूळपणा आला तर आम्ल कमी पडलं किंवा घाई झाली. फिकट गुलाबी रंग ३० सेकंद टिकला की थांब. गडद जांभळा झाला म्हणजे पुढे गेलास, ते रीडिंग खोडून दुसरं घे. दोन रीडिंग जुळेपर्यंत करायचं.

हात कापण्यावर उपाय असा, की डावा हात ब्युरेटच्या मागून वळसा घालून तोटीवर ठेव आणि कोपर ओट्याला टेकव. उजव्या हाताने फ्लास्क हलव. टेकलेला हात फार कापत नाही. डावखुरा असशील तर उलट.

व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, हमखास विचारतात, सल्फ्युरिकच काहून? हायड्रोक्लोरिक घेतलं तर परमँगनेट क्लोराईडचंही ऑक्सिडीकरण करत बसते, आणि नायट्रिक स्वतःच ऑक्सिडीकारक आहे. हे मराठीत सांग. नावं इंग्रजीत, कारण मराठीत. कारण माहीत असलेल्या पोराचे गुण इंग्रजीपायी कापणारा परीक्षक चुकतो, हे मी स्टाफरूममध्येही बोलतो. तिथे एक वाक्य वर्षानुवर्षं ऐकू येते: खेड्यातली पोरं कच्चीच असतात. कच्ची नसतात. बारावीला ज्यांनी न शिकवता ३० गुण वाटले त्यांनी या पोरांवर उपकार केले नाहीत, त्यांचा हक्क खाल्ला. इथे येऊनही कोणी सिनिअर म्हणेल, ‘जर्नल घे आमचं, उतरवून टाक’, त्याचं ऐकू नको. ज्या दिवशीचा प्रयोग त्याच दिवशी लिही, आणि तुझं रीडिंग चुकलेलं असलं तरी तुझंच लिही. चूक कुठे झाली हे सांगता आलं की व्हायव्हाची अर्धी भीती जाते.

रूमवरचं एकटेपण राहिलंच. दर शनिवारी गाव गाठू नको, निदान दिवाळीपर्यंत. सोमवारची सकाळ बुडते आणि प्रॅक्टिकलची बॅच चुकते. कापूस वेचणीला घरी हात कमी पडत असतील तर ती गोष्ट वेगळी, तेव्हा सरांना आधी सांगून दुसऱ्या बॅचमध्ये बसू दे म्हण. झोप उडाली, जेवण जात नाही, असं आठवडे चाललं असेल तर माझा टायट्रेशनचा सल्ला बाजूला ठेव आणि १४४१६ वर टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, फोन कर, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

एवढं करूनही जायचंच ठरलं तर रागात मधेच टी.सी. काढू नको, प्रवेश रद्द होतो. पहिल्या सत्राची परीक्षा दे. पास झालेल्या विषयांची क्रेडिट्स अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये (एबीसी, क्रेडिट्स जमा ठेवायचं ऑनलाइन खातं) जास्तीत जास्त ७ वर्षं राहतात, त्यासाठी तुझा एबीसी आयडी निघाला आहे का, ते कॉलेजच्या ऑफिसात या आठवड्यात विचारून घे.