वाचक विचारतात: जुनी स्किफ, कुजलेला ट्रान्सम आणि वजनाचा हिशोब

या महिन्यात आलेल्या पत्रांत होड्यांची पत्रं इतकी आहेत की बाकी सगळं पुढच्या अंकात ढकललंय. आणि सगळ्यांची होडी जवळपास एकच, फायबरची, सपाट तळाची, कडा बुटक्या, गुडघाभर पाण्यात काठीने ढकलत माशांपर्यंत पोचायची ती स्किफ. मला स्वतःला या होड्यांचं वेड आहे त्यामुळे उत्तरं जरा लांबलीत, सांभाळून घ्या.

प्रश्न: बाबांची १४ फुटी स्किफ बरीच वर्षं ताडपत्रीखाली पडून आहे. बाहेरून चांगली दिसते, पण मागच्या डेकवर पाय दिला की दबतं आणि मोटर लावायच्या फळीच्या बोल्टांतून तपकिरी पाणी ओघळतं. घरात सगळे म्हणतात टाकून दे, मला मात्र ती पाण्यात परत बघायचीये. होईल का काही?

उत्तर: ताई, होईल, टाकू नका. तपकिरी पाणी म्हणजे आतलं लाकूड कुजलंय एवढाच त्याचा अर्थ, फायबरचं कवच बहुतेक धडधाकट असतं. ट्रान्सम, म्हणजे मोटर अडकवायची मागची फळी, ही बाहेर फायबर, आत फायबर आणि मधे प्लाय अशी असते, आणि होडी बनवताना त्या प्लायला भोकं पाडून बोल्ट घातले की भोकाच्या कडा तशाच उघड्या ठेवलेल्या असतात, वरून थोडं सीलंट. सीलंट काही वर्षांत सुटतं, पाणी शिरतं, बाहेर यायला वाट नसते, आणि लाकूड आतल्या आत ओलं राहून कुजतं. तळाचा ड्रेन प्लग, म्हणजे होडीत साठलेलं पाणी सोडायच्या भोकाचं बूच, ही तर सगळ्यात पहिली जागा, आधी तिथेच बघा.

कुठवर कुजलंय ते शोधायला स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने सगळीकडे ठोकत जा. चांगल्या जागी टणक आवाज येतो, कुजलेल्या जागी मेलेला, ठप्प असा. शंका वाटेल तिथे आतल्या बाजूने छोटं ड्रिल मारून भुसा बघा, कोरडा आणि फिकट निघाला तर ठीक, काळपट ओला लगदा निघाला तर तो भाग काढायचा. पेन्सिलने हद्द आखून ठेवा, आणि ती नंतर वाढणार हे आत्ताच धरून चला.

आता एक गोष्ट कापायला सुरुवात करायच्या आधीची. डेक आणि ट्रान्सम दोन्ही एकदम काढले की फायबरचं कवच पुठ्ठ्याच्या खोक्यासारखं लुळं होतं, ट्रेलरवर वाकडं बसलं असेल तर त्याच वाकड्या आकारात तुम्ही ते नव्याने घट्ट करून ठेवाल, कायमचं. म्हणून होडी लेव्हलला घ्या, तळाला लांब सपाट टेकू द्या, पुढून मागे दोरी ताणून तळ सरळ आहे का बघा, आणि मागच्या दोन कोपऱ्यांपासून नाळेपर्यंतची (पुढच्या टोकापर्यंतची) दोन्ही अंतरं मोजून लिहून ठेवा. काम चालू असताना ती पुन्हा पुन्हा मोजा. मागच्या भागात तळ आत वाकला तर होडी वेगात नाक खाली घालते, आणि बाहेर फुगला तर नाक वर-खाली उड्या मारत राहतं. दोन्ही नंतर निस्तरणं फार कठीण.

मग आतलं फायबर कापून कुजलेला प्लाय काढा, बाहेरचं कवच शाबूत ठेवा. जुन्या फळीची जाडी, उंची आणि कल मोजल्याशिवाय काही फेकू नका, कारण मोटरचा शाफ्ट, म्हणजे पाण्यात जाणारा दांडा, त्या उंचीवरच बसतो, शॉर्ट शाफ्टला साधारण १५ इंच, लाँगला २० इंच. नवीन प्लाय मरीन ग्रेडचाच घ्या, आणि पूर्ण कोरडा. आधी दोन्ही बाजूंना आणि विशेषतः कडांना पातळ इपॉक्सी (रेझिन आणि हार्डनर मिसळून वापरायचा पक्का गोंद) पाजा, कडेने लाकूड पाणी सगळ्यात जास्त ओढतं, मग पूड मिसळून घट्ट केलेली इपॉक्सी दातेरी पात्याने पसरून चिकटवा. शिकंजे आवळताना सगळेच जोर लावतात आणि तिथेच चुकतं, इपॉक्सीला लाकडाच्या फेव्हिकॉलसारखा दाब नको असतो, फार आवळलं की सगळं बाहेर पिळून निघतं आणि सांधा उपाशी राहतो. कडेने सगळीकडून थोडं थोडं बाहेर आलं की थांबा.

आतून फळी आणि तळ-बाजू यांच्या कोपऱ्यात घट्ट इपॉक्सीची गोलाई भरून घ्या, काटकोनात कापड बसत नाही, मागे हवा राहते. त्यावर कापडाच्या पट्ट्या, प्रत्येक वरची आधीच्यापेक्षा रुंद. आणि जिथे नवं फायबर जुन्याला भेटतं तिथे जुनी कड उतरती घासायची, १ ला १२ या हिशोबाने, म्हणजे कवच ६ मिलिमीटर जाड असेल तर ७२ मिलिमीटर उतार. खूप वाटतं, पण सगळी ताकद त्याच उतारात असते.

बोल्टांची भोकं पाडताना मात्र जुनी चूक परत करू नका. बोल्ट १२ मिलिमीटरचा असेल तर भोक आधी १८ चं पाडा, ते घट्ट इपॉक्सीने पूर्ण भरा, वाळलं की त्याच्या बरोबर मधे १२ चं पाडा. आता सीलंट कधी सुटलंच तरी पाण्याला लाकूड सापडत नाही. ड्रेन प्लग, ट्रान्सड्यूसरचे (खोली मोजायच्या सेन्सरचे) स्क्रू, डेकवरच्या दोरी बांधायच्या क्लीट, सगळ्यांना हेच. होडीत आत लाकूड आहे अशा एकाही जागी कोरडं भोक ठेवायचं नाही, मी तर हे एकच वाक्य गॅरेजच्या भिंतीवर लिहून ठेवलंय.

प्रश्न: माझ्या स्किफचा तळ उघडला तर आतला पिवळा फोम स्पंजसारखा ओला निघाला. उन्हात ठेवला तर वाळेल ना? की सगळा काढून टाकू आणि परत भरूच नको? बिनफोमची होडी हलकी पण होईल.

उत्तर: वाळणार नाही. हा फोम बंद पेशींचा असतो, नवा असताना पाणी पीत नाही, पण वर्षानुवर्षं पाण्यात बसून आणि हेलकाव्यांनी त्या पेशी फुटत जातात, एकदा आत गेलेलं पाणी मग उन्हाने निघत नाही. माझ्या पहिल्या स्किफमधून मी तो फावड्याने काढून पोत्यांत भरला आणि काट्यावर ठेवला तेव्हा ७० किलोच्या वर भरला होता, म्हणजे इतकी वर्षं मी एक अख्खा माणूस तळाखाली घेऊन फिरत होतो.

आणि उथळ पाण्याच्या होडीत हे वजन का एवढं महत्त्वाचं ते आकड्यात बघा. अशा होडीचा पाण्याला टेकणारा भाग साधारण ५ चौरस मीटर धरा. तिला १ सेंटीमीटर खाली जायला ५० लिटर पाणी बाजूला सारावं लागतं, म्हणजे ५० किलो वजन. दर ५० किलोला १ सेंटीमीटर. मोठ्या बोटीला याचं काही वाटणार नाही, पण जिचा सगळा जन्मच वीतभर पाण्यात तरंगायला झालाय तिला २-३ सेंटीमीटर म्हणजे मासे आहेत तिथे पोचणं किंवा चिखलात बसून राहणं.

पण बिनफोमची ठेवू नका हो, कळकळीने सांगतोय. फायबर आणि मोटर दोन्ही पाण्यापेक्षा जड, होडी पाण्याने भरली तर सरळ तळाला जाईल आणि धरायलासुद्धा काही उरणार नाही. हिशोब अवघड नाही. फायबर पाण्यात बुडालं की त्याचं वजन बरंच कमी भासतं, २०० किलोचं कवच असेल तर त्याला वर धरायला साधारण ७५-८० किलोचा उचल पुरतो, मोटर आणि बॅटरी मात्र जवळपास पूर्ण वजनाने धरा. १०० लिटर चांगला फोम साधारण ९७ किलो उचलतो, त्याचं स्वतःचं वजन ३ किलोच्या आसपास. म्हणजे ७० किलो ओलं काढून ५-६ किलो कोरडं घालायचं, हलकीच होते की होडी!

फक्त जागा बदला. सगळा फोम तळाखाली असेल तर भरलेली होडी उलटी व्हायला बघते, म्हणून जमेल तेवढा बाजूंना, कडेखाली उंचावर, आणि मागे मोटरजवळ भरा, तिथे वजन जास्त. तळाखाली जो राहील त्याच्या खाली पाणी वाहून मागे ड्रेनपर्यंत जायला मोकळी वाट ठेवा, ती नव्हती म्हणूनच तुमचा फोम भिजला. दोन भाग मिसळून ओतायचा फोम असेल तर थोडा थोडा ओता, वर यायला भोकं ठेवा, एकदम ओतला तर फुगून डेक उचलतो आणि आत भयंकर तापतो. आणि तो ओताना वाफ फिल्टरवाला मास्क घाला, धुळीचा कापडी मास्क त्या वाफेला थांबवत नाही.

प्रश्न: काका मी कॉलेजला आहे, बजेट कमी आहे. पॉलिस्टर रेझिन स्वस्त पडतं, इपॉक्सी महाग. होडी मुळात पॉलिस्टरचीच बनलेली आहे मग दुरुस्तीला पॉलिस्टर का नको? आणि लवकर सुकावं म्हणून हार्डनर जास्त घातला तर चालतो का?

उत्तर: तुझा प्रश्न बरोबर आहे. कारखान्यात पॉलिस्टरचे थर ओल्यावर ओला असे एकामागून एक पडतात, ते रासायनिकरीत्या एकमेकांत बांधले जातात. तू जेव्हा जुन्या, पूर्ण वाळलेल्या फायबरवर थर देतोस तेव्हा फक्त चिकटण्यावर सगळं अवलंबून असतं आणि चिकटण्यात इपॉक्सी पुष्कळ पुढे आहे, लाकडाला तर अजूनच. म्हणून पैसे कमी असतील तर असं कर, ट्रान्सम, तळाचे आधार आणि प्लाय लागतो ती प्रत्येक जागा इपॉक्सीने, बाकी डेकवरचे झाकण वगैरे सुटे नवे भाग बनवशील ते पॉलिस्टरने. इपॉक्सीवर पॉलिस्टर भरवशाने बसत नाही, त्यामुळे क्रम उलटा करू नकोस.

आणखी एक, तुटक धाग्यांची जी साधी मॅट मिळते तिच्यातला गोंद सहसा पॉलिस्टरमधल्या स्टायरीनने विरघळायचा असतो, इपॉक्सीत तो विरघळत नाही आणि मॅट ताठ राहते, कोपऱ्यात बसत नाही. इपॉक्सीसोबत विणलेलं किंवा शिवलेलं कापड घे.

हार्डनरचं, इपॉक्सीत अजिबात नाही. त्यात रेझिन आणि हार्डनर ठरलेल्या प्रमाणातच एकमेकांना पुरतात, जास्त घातलेला हार्डनर तसाच आत उरतो आणि सांधा कायमचा मऊ राहतो. लवकर हवं तर फास्ट हार्डनर घे. पॉलिस्टरमधे साधारण १ ते २ टक्के या मर्यादेत हवामानाप्रमाणे कमीजास्त चालतं, पण त्याचा हार्डनर म्हणजे पेरॉक्साइड, ते डोळ्यात उडालं तर डोळा जाऊ शकतो, गॉगल घातल्याशिवाय बाटलीचं झाकण उघडायचंच नाही. मिसळलेलं रेझिन खोल डब्यात ठेवू नकोस, तापून धूर येतो, पसरट ट्रेमधे ओत. आणि इपॉक्सी वाळल्यावर वर मेणचट थर आला तर आधी पाण्याने आणि घासणीने धू, मग सँडिंग. आधी घासलंस तर तो थर आत रगडला जातो.

प्रश्न: डेकखालची हवाबंद पेटी गळते का बघायला कंप्रेसर लावू का?

उत्तर: कंप्रेसर नको! १ चौरस मीटरच्या फळीवर फक्त १ पीएसआय (चौरस इंचाला १ पौंड) दाब म्हणजे ७०० किलो जोर, डेक फाटेल. व्हॅक्युम क्लीनरची हवा सोडायची बाजू भोकाजवळ सैलसर धरा आणि सांध्यांवर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे दिसतील.

प्रश्न: स्किफ तयार झाली, जुनी टू-स्ट्रोक काढून तेवढ्याच हॉर्सपॉवरची नवी फोर-स्ट्रोक लावली, बॅटरी मागे, पेट्रोलची टाकी मागे. आता उभी असताना मागचा भाग इतका बसतो की ड्रेनचं भोक पाण्याखाली, आणि काठीने ढकलताना मागे चिखल ओढते. तळ चुकला का माझा?

उत्तर: तळ नाही, वजनाची जागा चुकली. तेवढ्याच ताकदीची फोर-स्ट्रोक बहुतेक वेळा जड असते आणि ती होडीच्या अगदी टोकाला लटकते, वर बॅटरी आणि टाकीही तिथेच. मी आधी दिलेला ५० किलोला १ सेंटीमीटर हा हिशोब वजन मधे असेल तेव्हाचा, टोकाला ठेवलंत तर तेवढ्याच वजनाने मागचा भाग कितीतरी जास्त खाली जातो आणि नाक वर उचलतं.

बॅटरी पुढे न्या, हे सगळ्यात सोपं. वायर लांब होईल म्हणून जाड घ्या, नाहीतर सुरू करताना व्होल्टेज पडतो, कथिल चढवलेली तांब्याची घ्या, साधी तांब्याची खाऱ्या हवेत आवरणाच्या आत काळी पडते, आणि लाईट, पंप, मीटर यांच्या वायरला बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज द्या. बिल्ज पंपाची (तळात साठलेलं पाणी बाहेर फेकणाऱ्या पंपाची) वायर मेन स्विचच्या आधी, स्वतंत्र फ्यूजवरून, म्हणजे तुम्ही सगळं बंद करून घरी गेलात तरी तो चालेल. मग टाकी मधे सरकवा, पेट्रोल कमी होत जातं तसा तोल बदलतो, टाकी मधे असली की तो फरक कमी जाणवतो.

हे करायच्या आधी एक करा, एक माणूस काठी घेऊन नेहमीच्या जागी उभा करा आणि वाळूच्या पिशव्या होडीत पुढे-मागे सरकवत पाण्याची रेघ बघा. जिथे होडी सपाट बसते तिथे पेन्सिलने खूण करा, बॅटरीचा डबा तिथेच बसवा. आणि डबा बसवायला स्क्रू मारणार असाल तर पहिल्या पत्रात सांगितलंय तसं भोक आधी मोठं पाडून इपॉक्सीने भरायचं.