दारं वर जाण्याआधी उंबरठा बघ

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

स्टुटगार्टजवळच्या त्या संग्राहकाने त्याच्या जुन्या, वर उघडणाऱ्या दारांच्या मर्सिडीज ३०० एसएल गाडीचे फोटो काढायला तुला पूर्ण दिवस दिला, हे वाचून आनंद झाला. मेलसोबत जोडलेले नमुन्याचे फोटोही पाहिले. सगळ्यांत दोन्ही दारं वर, गाडी तिरकी आणि मागे काळोख. तोही फोटो काढ, मालकाला तो हवाच असणार. पण कॅमेरा बॅगेतून काढण्याआधी गाडीभोवती फिर आणि ती अशी का दिसते ते समजून घे.

ती दारं मिरवण्यासाठी केलेली नाहीत. १९५२ मध्ये ल मां ही फ्रान्समधली चोवीस तासांची शर्यत जिंकणाऱ्या रेसिंग गाडीची बारीक नळ्यांची जाळीदार चौकट या गाडीने घेतली. मजबुतीसाठी ती चौकट दोन्ही बाजूंना इतकी वर आली की नेहमीचं दार लावायला जागाच उरली नाही. म्हणून बिजागऱ्या छतात गेल्या. १९५४ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात लोकांनी दारंच पाहिली, आणि आजवर फोटोवालेही तेच करत आलेत. तू गुडघ्यावर बस, एकच दार उघडं ठेव आणि दाराखालचा तो जाडजूड उंबरठा फोटोत घे. सुकाणू खाली झुकवता येतं, कारण तो उंबरठा ओलांडून आत शिरायची दुसरी सोय नाही. झुकवलेल्या सुकाणूचा फोटो मला तरी फार कमी दिसलाय.

इंजिनचंही तसंच. सहा सिलिंडरचं उंच इंजिन सुमारे ५० अंशांनी कलतं बसवलंय, म्हणून बॉनेट इतकं बुटकं. बॉनेटवर दोन उंचवटे आहेत. गरज एकाचीच होती, दुसरा जोडी जुळावी म्हणून दिलाय असं म्हणतात. हे दोन उंचवटे दिसायचे तर प्रकाश बाजूने आणि खालून सरपटत यायला हवा. समोरून फ्लॅश मारलास तर दोन्ही सपाट होतील.

प्रकाशाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण खरी मेहनत तिथेच आहे. चंदेरी गाडीत आपण गाडीपेक्षा तिच्यात पडलेलं प्रतिबिंबच जास्त टिपत असतो. गॅरेजमधल्या ट्यूबलाइट बंद करायला सांग, नाहीतर छतावर पांढऱ्या पट्ट्या उमटतील आणि रंगही बिघडेल. एकच मोठा सॉफ्टबॉक्स (प्रकाश मऊ करणारी कापडी पेटी) किंवा ताणलेलं पांढरं कापड घे. ट्रायपॉड न हलवता प्रकाश जागोजागी फिरवत फ्रेम घेत जा आणि घरी त्या एकत्र कर. चाकांवरच्या त्या भुवयांसारख्या पट्टीवर उजेडाची रेघ सलग धावली पाहिजे. ती तुटली की कडाही तुटलेली वाटते. पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा फिल्टर, रंगावर आणि काचेवर काम करतो, क्रोमवर जवळपास नाहीच. म्हणून क्रोमसाठी समोर काळं कापड धर. स्वतःही काळे, पूर्ण बाह्यांचे कपडे घाल. लाल कुर्ता घालून गेलीस तर दारात तूच दिसशील.

लेन्स ८५ मिलिमीटरच्या आसपासची, आणि उंची हेडलाइटइतकी. वाइड लेन्सने जवळ गेलीस तर नाक फुगतं.

आता गाडीला हात लावण्याबद्दल. घड्याळ, अंगठी आणि पट्ट्याचं बक्कल आधीच काढून ठेव. बरीचशी बॉडी पोलादी असली तरी बॉनेट, दारं आणि डिकीचं झाकण अॅल्युमिनियमचं आहे. कोपर टेकलं तरी पोचा येऊ शकतो. (खरं-खोटं करायला चुंबक नेऊ नकोस, मी तुला ओळखतो.) दार उघडणं, सुकाणू फिरवणं ही कामं मालकाचीच. चाक तिरकं हवं असेल तर गाडी थोडी ढकलत असताना त्याला वळवायला सांग. उभ्या गाडीत सुकाणू जड जातं, पॉवर स्टिअरिंग नाही.

१९५७ पर्यंत अशा १,४०० कूपे (बंद छताच्या, दोन दारांच्या गाड्या) बनल्या, त्यांतल्या फक्त २९ पूर्ण अॅल्युमिनियम बॉडीच्या. त्यामुळे चासी नंबरचा (गाडीच्या सांगाड्यावरच्या ओळख क्रमांकाचा) फोटो, गॅरेजचं दार, खिडकीतून दिसणारा रस्ता यातलं काहीही बाहेर देण्याआधी त्याला विचार, आणि परवानगी लेखी घे.

पहिल्या निवडीत दहाच फोटो पाठव. दारं वर असलेला त्यात एकच चालेल, पण उंबरठ्याचा मला हवाच.

तुझा,
सर