मुद्दे बरोबर, तरी पटत का नाही?

"मॅडम, माझं म्हणणं बरोबर असतं, पण लोकांना पटतच नाही." जळगावात समुपदेशन करताना हे वाक्य मी सतत ऐकते. वक्तृत्व स्पर्धेला उतरणारी मुलगी, बचत गटाची अध्यक्ष, ग्रामसभेत पहिल्यांदा बोलायला उठणारा सदस्य, सगळ्यांची तक्रार हीच. आत्मविश्वास वाढवून द्या, अशी त्यांची मागणी असते. बहुतेकांकडे तो पुरेसा असतो. अडतं ते भाषणाच्या बांधणीत.

रावेर तालुक्यातला मयूर (नाव बदललं आहे) असाच आला. कृषी पदवीधर, घरची केळी. त्या पावसाळ्यात शिवारात हरण्या शिरला होता, म्हणजे कुकुंबर मोझॅक विषाणू. पानांवर पिवळे पट्टे पडतात, पोंगा, म्हणजे मधलं कोवळं पान, सडतो. लागण झालेल्या झाडाला औषध नाही आणि मावा नावाची बारीक कीड हा रोग झाडाझाडांवर पसरवते. म्हणून रोगट झाड कंदासकट उपटून नष्ट करणं हाच उपाय. मयूरने गावच्या बैठकीत हे एकदा सांगून पाहिलं होतं. लोक अर्ध्यातून उठून गेले. आता दुसरी बैठक ठरली होती आणि त्याची झोप उडाली होती.

त्याने भाषणाचा कागद पुढे केला. विषाणूचं शास्त्रीय नाव, माव्याचं जीवनचक्र, फवारणीची औषधं, केळीत काकडीवर्गीय आंतरपीक का नको, आणि शेवटी एका ओळीत "तरी सर्वांनी सहकार्य करावे."

"सहकार्य म्हणजे नेमकं काय करायचं त्यांनी?" मी विचारलं.

"झाडं उपटायची."

"मग तसं लिहिलं का नाहीस?"

तो गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "ते म्हटलं की चिडतात."

माझं काम तिथून सुरू झालं. ज्या वाक्याला माणूस घाबरतो ते तो शेवटी ढकलतो, गुळगुळीत करतो, आणि त्याच्यापुढे माहितीची भिंत उभी करतो.

पुढच्या भेटीत मी विचारलं, "सगळ्यात जास्त विरोध कोणाचा?" मोठ्या काकांचा, तो म्हणाला. मी त्याला समोरच्या खुर्चीवर बसवलं. "आता तू काका. मयूर सांगतोय, झाडं उपटा. बोला काका."

आधी तो हसला. मग मांडी घालून बसला, आवाज बदलला. "पोरा, तुझं पुस्तक तुझ्यापाशी राहू दे."

"रोग आहे हे पटत नाही का, काका?"

बराच वेळ तो काही बोलला नाही. मीही मध्ये बोलले नाही. मग म्हणाला, "रोग तुझ्याआधी मला दिसला. पण मी उपटली आणि बांधापलीकडच्याने ठेवली, तर मावा तिकडून येणारच. माझी झाडंही गेली आणि रोगही राहिला. टिश्यूची रोपं, खत, सगळं उधारीवर आहे रे."

आणि मयूर आपणहून उठून स्वतःच्या खुर्चीवर येऊन बसला. "मॅडम, काकांना माहिती कमी नाहीये. एकट्यालाच नुकसान सोसावं लागेल, याची भीती आहे त्यांना."

इतक्या वर्षांच्या कामात मला अजूनही सर्वांत मोलाचा वाटतो तो हा क्षण. मी त्याला उत्तर दिलं नव्हतं, फक्त जागा बदलून दिली होती. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्या विचारावर माझी श्रद्धा आहे. वाद अडला की समोरच्याचं म्हणणं आधी त्याला मान्य होईल अशा शब्दांत मांडायचं आणि मगच आपलं बोलायचं, असा नियम त्यांनी १९५१ मध्ये सुचवला होता. खोलीत चालणारा हा नियम चावडीवरही चालतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

भाषणाची नवी बांधणी मग फार अवघड गेली नाही. सुरुवात काकांच्याच शब्दांत: "मी उपटली आणि शेजाऱ्याने नाही उपटली, तर मी बुडालो, असं तुम्हाला वाटतं. ते खरंच आहे." नंतर रोगाबद्दल फक्त दोन वाक्यं, औषध नाही आणि मावा बांध ओळखत नाही. मग तोडगा: लागून असलेल्या शेतांनी एकाच दिवशी उपटायचं. शेवटी मागणी, दिवस आणि वेळ सांगून. पर्ड्यू विद्यापीठातील अ‍ॅलन मन्रो यांनी १९३० च्या दशकात सांगितलेला क्रम याच वाटेने जातो: लक्ष, गरज, उपाय, चित्र, कृती. यातलं चित्र मयूर विसरला होता. काहीच केलं नाही तर दोन महिन्यांनी बाग कशी दिसेल आणि सगळ्यांनी मिळून केलं तर कशी, हे त्याने भरताना काकांच्याच शेताचं नाव घेतलं.

जीवनचक्राचा सगळा भाग गेला. त्याला ते जड गेलं, कारण मेहनत त्याच भागात होती. मी सांगितलं, तो कागद खिशात ठेव, कुणी विचारलं तर काढ.

बैठकीत सगळे तयार झाले नाहीत. काहींनी सरकारी मदतीचा विषय काढला, एक जण रागाने निघून गेला. पण बांधाला बांध लागून असलेल्या काही जणांनी तिथेच दिवस ठरवला, त्यात काका होते. मयूरने फोनवर हे सांगितलं तेव्हा मला झालेला आनंद मी त्याच्यापासून लपवला नाही.

तुम्हालाही कुणाला काही पटवायचं असेल, तर कागदावर पहिली ओळ लिहा: ऐकणाऱ्याने उद्या नेमकं काय करावं? ती एकच असू द्या. दुसरी ओळ: तो नाही का म्हणेल? हे अंदाजाने लिहू नका, त्याच्यासारख्या एखाद्याला जाऊन विचारा आणि त्याचे शब्द जसेच्या तसे टिपा. या दोन ओळींमध्ये जो मुद्दा बसत नाही तो कितीही आवडता असो, काढा. पाठांतर फक्त पहिल्या आणि शेवटच्या वाक्याचं करा. आणि दहा मिनिटं मिळणार असतील तर भाषण सातच मिनिटांचं बांधा. उरलेला वेळ प्रश्नांना लागतो, आणि गावाकडे निर्णय बहुधा त्याच वेळात होतात.